युद्धविमानांची राखरांगोळी

पुण्याच्या लोहगाव तळावरून एके काळी समुद्रावरील टेहळणीसाठी जाणाऱ्या चार इंजिनांच्या लिबरेटर विमानांची हकीकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जुन्या युद्धविमानांच्या नाशाचे गांभीर्य निराळे सांगावे लागणार नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात या जातीची १८,००० हून अधिक विमाने बांधली. युद्ध संपताच त्यांतील बहुतेक मोडीत निघाली, आणि कानपूरला जी उरली होती ती दुसऱ्या कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून ब्रिटिश हवाई दलाने जाताना त्यांची मुद्दाम नासधूस केली. त्या भंगारातून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने सुमारे ४० विमाने पुन्हा उभी केली. जमशेद मुन्शी या धाडसी वैमानिकाने ती मोडकी विमाने कानपूरहून उडवत बंगळूरला नेली होती. १९४८ पासून १९६८ पर्यंत, म्हणजे इतर देशांनी ही विमाने केव्हाच टाकून दिल्यावरही, आपल्या हवाई दलाने त्यांच्याकडून काम घेतले. म्हणूनच आज जगातील संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर विमाने शिल्लक आहेत, त्यांपैकी कित्येक भारतातून गेलेली आहेत.

जुनी विमाने जमिनीवर जपावीत की उडवत ठेवावीत, या विषयाच्या दोन्ही बाजू त्यांतील दोन विमानांच्या प्राक्तनातून स्पष्ट होतात. १९६९ साली भारताने दिलेले एक विमान अॅरिझोना प्रांतातील टूसॉनच्या पिमा संग्रहालयात सुखरूप उभे आहे. दुसरे विमान अमेरिकेतील एका प्रतिष्ठानाने दुरुस्त करून, हौशी प्रवाशांना बसवून वर्षानुवर्षे उडवले. परंतु याच प्रतिष्ठानाचे ‘नाइन-ओ-नाइन’ नावाने रंगवलेले बी-१७ विमान २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकट प्रांतातील ब्रॅडली विमानतळावर कोसळून जळाले, आणि त्यातील १३ जणांपैकी ७ जण प्राणास मुकले.

त्या अपघाताची सरकारी चौकशी प्रत्येक संग्राहकाने डोळ्यांखालून घालावी अशी आहे. इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज निर्माण करणारे मॅग्नेटो नावाचे यंत्र असते. चौथ्या क्रमांकाच्या इंजिनाच्या एका मॅग्नेटोची तार आपल्या जागेवरून सुटलेली आढळली, आणि ठिणगी-प्लगांमधील फटी मर्यादेपलीकडे रुंदावल्या होत्या. उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्या इंजिनाची शक्ती घटली, तेव्हा विमान माघारी वळवण्यात आले. परंतु उतरताना वेग राखता आला नाही आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटले. वैमानिकाची चूक चौकशीने नोंदवली, आणि तिच्या जोडीला देखभालीतील हयगयही दप्तरी दाखल केली. पाऊणशे वर्षे टिकलेले विमान अशा रीतीने काही मिनिटांत भस्मसात झाले. पुढे १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलसच्या प्रात्यक्षिकात दुसरे बी-१७ आणि एक किंगकोब्रा लढाऊ विमान हवेतच एकमेकांवर आदळून ६ जण दगावले. तेथे विमानांच्या उंचीतील अंतर आधी ठरवून दिलेले नव्हते, म्हणजे दोष आखणीचा होता.

आकाशात न जाणारी विमानेही अग्नीपासून सुरक्षित नाहीत. १९९० साली पॅरिसजवळच्या दुन्यी येथील फ्रेंच हवाई संग्रहालयाच्या कोठाराला आग लागून अनेक विमाने नष्ट झाली, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे हँगर पेटून एका हरिकेन लढाऊ विमानासह इतर विमानांची राख झाली. याचे कारण या यंत्रांच्या घडणीतच आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले आणि ज्वलनशील लेपाने घट्ट केलेले कापड, टाक्यांत मुरलेले पेट्रोल व तेल, आणि काही भागांत मॅग्नेशियमसारखा पेटल्यावर विझवण्यास कठीण धातू, इतके सर्व एका छपराखाली एकत्र असले की एका ठिणगीने, कडब्याच्या गंजीप्रमाणे, सारे भांडार पेटते.

आपल्या किनाऱ्यावरचा शत्रू याहून संथ आहे. गोव्यात दाबोळीजवळ १९९८ साली उघडलेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेली सी-हॉक व अलिझे विमाने, आणि एअर इंडियातून हवाई दलात व तेथून नौदलात आलेले सुपर कॉन्स्टेलेशन, ही मौल्यवान संपत्ती उघड्यावर उभी आहे. खारट वारा आणि कोकणचा पाऊस यांच्या माऱ्यात अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला आतून गंज चढतो, आणि वरून रंग शाबूत दिसत असला तरी सांधे पोकळ होत जातात.

ज्या जातीची विमाने अनेक शिल्लक आहेत ती जाणत्या हातांनी, कडक तपासणीखाली उडवावीत, यास माझी हरकत नाही. यंत्राचा आवाज ऐकल्यावाचून त्याचे पूर्ण ज्ञान होत नाही हे खरे आहे. परंतु मोजकीच उरलेली विमाने प्रवासी नेण्याच्या किंवा हौसेच्या कारणासाठी धोक्यात घालणे हा वारशाचा अपव्यय होय. ती कोरड्या हवेत, स्वतंत्र दालनांत, आग विझवण्याच्या व्यवस्थेसह ठेवली पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने निरुपयोगी विमाने साठवण्यासाठी टूसॉनजवळचा डेव्हिस-मॉन्थन तळ निवडला, तो मुख्यतः तेथील शुष्क हवेमुळे.

तशी शुष्कता आपल्याही पदरी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील दहिवडी-म्हसवडचा माण तालुका, आणि त्यालगतचा सांगली जिल्ह्यातील आटपाडी परिसर, यांच्या नशिबी आलेला अवर्षणाचा शाप अशा संग्रहासाठी वरदान ठरू शकेल. पुढील काळात जी विमाने निवृत्त होतील त्यांतील एखादे चौकात खांबावर चढवून उन्हापावसात सोडण्यापूर्वी, राज्य सरकार आणि हवाई दल यांनी माणदेशात एक बंदिस्त, अग्निसुरक्षित भांडार उभारण्याची तजवीज करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण जळालेल्या विमानाचा सांगाडा पुन्हा घडवता येईल, पण ज्या धातूने युद्ध पाहिले तो परत आणता येत नाही.