तळाच्या माशाला वरची सावली

नव्या टँकमध्ये कॉरी सोडले की आठवड्याभरात दुकानदाराकडे एक तक्रार हमखास जाते: मासे दिसतच नाहीत. दिवसभर फिल्टरच्या मागे, नाहीतर शोभेच्या जहाजाच्या पोटात बसून असतात. ‘लाजतात हो, होईल सवय,’ असं दुकानदार सांगतो. थोडीफार सवय होतेही, पण खरी अडचण त्यांच्या डोक्यावर असते. तयार टँकच्या झाकणात बसवलेली एलईडी पट्टी चांगलीच झगझगीत असते. खाली पांढरे खडे पसरलेले असले, तर तोच उजेड खालूनही परत येतो. माशाला पापण्या नसतात. बहुतेक माशांची बाहुली उजेडाप्रमाणे लहानमोठीही होत नाही. आपल्याकडे ‘सकर’ म्हणून विकला जाणारा मासा आणि त्याचे भाऊबंद याला अपवाद. त्यांच्या बुबुळाला वरून एक छोटा पडदा लोंबतो आणि कडक उजेडात तो पसरून बाहुली झाकतो. कॉरीकडे अशी सोय नाही. उजेड सोसवेना की त्याला आडोसाच शोधावा लागतो.

कॉरी म्हणजे कोरीडोरास, दक्षिण अमेरिकेतले चिलखती मार्जारमीन. त्यातली ठिपक्यांची एक जात चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केली आणि लिओनार्ड जेनिन्सने 1842 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. त्या खंडातल्या संथ पाण्यांवर, विशेषतः अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानातल्या तळ्यांवर, गवत, साल्व्हिनिया, गोंडाळ आणि जलपर्णी यांची तरंगती कुरणंच्या कुरणं असतात. बगळा आणि खंड्या वरून झडप घालतात, त्यामुळे वर मोकळं आभाळ म्हणजे धोका, हे लहान माशाच्या अंगात मुरलेलं आहे. डोक्यावर पानांचं छप्पर आलं की हेच लाजाळू मासे भरदिवसा टँकच्या मध्यात येऊन वाळू चाळू लागतात. गुहा आणि जहाजं विकत घेण्याआधी मूठभर तरंगती वनस्पती टाकून पाहावी, असं माझं मत आहे. ती स्वस्तही पडते.

ही जोडी जमण्यामागे आणखी एक साधं कारण आहे. तळाच्या माशांना जमीन उकरायची असते. कॉरी मिशा खुपसून वाळू तोंडात घेतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. नुकतं लावलेलं रोप त्यांच्या वाटेत टिकत नाही. तरंगत्या वनस्पतीला जमीनच नको असते, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच मिटतो. फक्त तळाला बारीक, मऊ वाळू हवी. रंगीत टोकदार खड्यांत कॉरीला चाळता येत नाही, आणि खड्यांच्या फटींत अडकलेलं अन्न कुजून त्याच्या मिशा झडतात.

कुजण्याचा विषय निघालाच आहे, तर या वनस्पतींच्या मोठ्या कामाकडे वळू. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पण साठत जाणारं. वनस्पतींना नायट्रोजन हवाच असतो आणि बऱ्याच पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियावर ताव मारतात. त्यात तरंगणाऱ्या सर्वांत पुढे, कारण त्यांची पानं हवेत असतात. वायू हवेत पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतात. बुडालेल्या रोपाला कार्बन डायऑक्साइडसाठी ताटकळावं लागतं, वरच्याला तो हवेतून सहज मिळतो. दिव्याजवळची जागाही त्याचीच. अमेरिकी लेखिका डायना वॉल्स्टॅड यांनी 1999 च्या आपल्या पुस्तकात या फायद्यावर बराच भर दिला आणि घरगुती टँकवाल्यांना तो पटला.

मात्र इथेच एक गैरसमजही रुजला आहे. ‘झाडं टाका, ऑक्सिजन मिळेल’ हे वाक्य बुडालेल्या रोपांबद्दल खरं आहे. तरंगत्या वनस्पतीची श्वासरंध्रं पानाच्या वरच्या अंगाला असतात. तिने तयार केलेला ऑक्सिजन बहुतांशी खोलीत जातो. मुळांतून थोडाफार पाण्यात झिरपतो, पण त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. उलट पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून, आणि तोच जर काठापासून काठापर्यंत पानांनी गच्च झाकला तर ही वाट अरुंद होते. रात्री वनस्पती स्वतःही श्वास घेतात, त्यामुळे पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला मावतो. 32 अंशांना तो सव्वासातच्या आसपास येतो. मे महिन्याची रात्र, वीज गेलेली, फिल्टर बंद, वर गच्च हिरवा थर: अशा वेळी पाणी ढवळलं जात नाही आणि पहिला फटका तळाला बसतो. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असावा तो यासाठी. डार्विनच्या ठिपकेवाल्या कॉरीला तर मुळात थंड पाणी लागतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो ठेवण्याचा हट्ट करू नये. ब्राँझ कॉरी त्यामानाने सोशिक.

कॉरीकडे स्वतःची एक युक्ती असते. मधूनच एखादा झटक्यात सरळ वर येतो, हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली जातो. ही हवा तो गिळतो आणि आतड्याच्या मागच्या भागातून तिच्यातला ऑक्सिजन शोषून घेतो. दिवसातून अधूनमधून हे चाललं तर घाबरायचं कारण नाही. सगळे मासे सारखेच वर धावू लागले तर मात्र पाणी बिघडलं आहे असं समजावं. या उडीसाठी वर खिडकी हवी. निम्मा पृष्ठभाग झाकलेला आणि निम्मा उघडा, हे प्रमाण मला बरं वाटतं. त्याहून दाट थर मी ठेवणार नाही. एअरपंपाच्या नळीचा तुकडा घेऊन त्याची टोकं जोडली की तरंगतं कडं तयार होतं. वनस्पती त्याच्या बाहेर राहतात, आत पाणी मोकळं. फिल्टरची धार या मोकळ्या भागात पाडावी. पानांवर सतत पाणी पडलं किंवा झाकणाचे थेंब टपकत राहिले तर ती सडतात.

कॉरीच्याच कुळातल्या एका माशाने छप्पर आणि तळ यांचा संबंध फार पुढे नेला आहे. हॉप्लोस्टर्नम हाही चिलखती, तळाशी वावरणारा. पण पावसाळ्यात दलदलीत नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो, त्यात वनस्पतींचे तुकडे गुंफतो आणि राखण करत बसतो. अंडी या फेसात, हवेच्या लगत राहतात, कारण खालच्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेमच असतो. त्रिनिदादमध्ये या माशाला कास्काडुरा म्हणतात. तो खाणारा माणूस आयुष्याच्या शेवटी त्रिनिदादलाच परततो, अशी तिथली समजूत आहे. तिथे तो करी करूनही खातात.

प्रत्येक तळमाशाला मात्र हे छप्पर मानवत नाही. इंडोनेशिया-मलेशियाकडचा कुली लोच अंधारप्रेमी, त्याला ते आवडेल. आपल्या सह्याद्रीतला पट्टेरी लोच, बोटिया स्ट्रायाटा, वेगळा. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या घाटांतल्या नद्या-ओढ्यांमध्येच तो सापडतो आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद धोक्यात आलेली जात म्हणून आहे. त्याला स्वच्छ, वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. धार जोरात ठेवली तर वरच्या वनस्पती गटांगळ्या खातात, धार कमी केली तर लोच कोमेजतो. दगडाला चिकटून शेवाळ खाणाऱ्या लोचचंही तसंच. त्यांना सावलीपेक्षा उजेडात वाढलेलं शेवाळ हवं. सकर म्हणून मिळणारा मासा दीड फुटापर्यंत वाढू शकतो. तो घरातल्या टँकचा मासाच नव्हे.

वनस्पती कोणती घ्यावी? गोल पानांचं फ्रॉगबिट उचलायला सोपं, त्याची लोंबती मुळंही देखणी. गोंडाळ, म्हणजे दुकानातलं वॉटर लेट्यूस, मोठ्या टँकला शोभतं. लहान टँकमध्ये त्याची मुळं वाळूपर्यंत पोहोचतात. साल्व्हिनिया चिवट, नवशिक्याला बरी. डकवीड आणि गुरांच्या खाद्यासाठी वाफ्यात वाढवतात तो अझोला यांच्यापासून दूर राहावं. एकदा आत आले की फिल्टरच्या जाळीत, हाताच्या केसांत, सगळीकडे सापडत राहतात. खाली लावायचंच असेल तर जावा फर्न किंवा अ‍ॅन्युबियस लाकडाला बांधावं. दोन्ही कमी उजेडात जगतात.

दर आठवड्याला मूठभर वनस्पती काढून टाकणं हा या व्यवस्थेचा गाभा आहे. नायट्रोजन पानांत जातो, पण पानं टँकमध्येच राहिली तर तो टँकमध्येच असतो. जुनी पानं पिवळी पडून गळतात, तळाशी कुजतात आणि अमोनिया पुन्हा कॉरीच्या नाकाखाली येतो. झाडं काढत राहिलात तरी पाणी बदलणं सुटत नाही. फक्त दोन बदलांमध्ये पाणी कमी बिघडतं.

काढलेलं मात्र बेसिनमध्ये, नाल्यात किंवा विहिरीत टाकू नका. पुण्याच्या नद्यांवर उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेचीच. केरळात साल्व्हिनियाने पाणी इतकं व्यापलं की 1980 च्या दशकात तिला खाणारा सायर्टोबॅगस नावाचा सोंडकिडा बाहेरून आणून सोडावा लागला. काढलेल्या वनस्पती वर्तमानपत्रावर पसरून गच्चीत कडकडीत वाळवाव्यात आणि मग कुंडीच्या मातीत मिसळाव्यात. त्यांनी शोषलेला नायट्रोजन तुळशीला किंवा मोगऱ्याला चालतो.