जुन्या लॅपटॉपची मेमरी वाढविताना

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानदारालाही संगणकावाचून गत्यंतर उरले नाही. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी अशा ठिकाणी गल्ल्याशेजारी बहुधा वापरलेला, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप असतो. ११ आणि २० तारीख जवळ आली, टॅलीसोबत पोर्टल उघडले, की तो अडकू लागतो. अशा वेळी नवा घेण्यापेक्षा मेमरी वाढविणे किफायतशीर ठरते. मात्र पट्टी जुळणारी नसेल तर पैसे पाण्यात जातात.

हार्ड डिस्क म्हणजे गोदाम, आणि रॅम म्हणजे ग्राहकापुढे ठाण उलगडण्याची गादी. गादी लहान असली की एक ठाण उचलल्याशिवाय दुसरे मांडता येत नाही.

तेव्हा गादी खरोखर अपुरी आहे काय, हे आधी पाहावे. कामाच्या गर्दीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहावी. वापर ८०-९० टक्क्यांवर जात असेल तरच रॅमचा उपयोग. निम्मी मेमरी रिकामी असूनही यंत्र रेंगाळत असेल तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तेथे एसएसडी बसवावी. विंडोज ३२ बिटची असल्यास ४ जीबीपुढची रॅम वापरली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. याच पडद्यावर किती खाचे आहेत व किती भरले आहेत ते दिसते. काही पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पाटीवरच झाळलेली असते. तेथे दुसरा खाचा नसेल तर विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या जाती एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या पट्टीला अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि मधली खाच वेगवेगळ्या जागी असते. काज एकीकडे आणि बटण दुसरीकडे, असा प्रकार. जोर लावल्यास खाचाच तुटतो. लॅपटॉपच्या सालावरून जात ठरवू नये. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या यंत्रांत काहींना डीडीआर३एल लागते, काहींना डीडीआर४.

डीडीआर३मध्येही दोन प्रकार आहेत: साधी १.५ व्होल्टची आणि 'एल' अक्षराची १.३५ व्होल्टची. चौथ्या पिढीपासूनच्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरांना 'एल'चीच लागते. उलट 'एल'ची पट्टी साध्या जागी बहुधा चालते. म्हणून शंका असल्यास 'एल'च घ्यावी.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जुनी पट्टी काढून सोबत नेणे. नमुन्याशिवाय अस्तर जुळवायला कोणी जात नाही. पट्टीवर 'पीसी३एल-१२८००एस' असे छापलेले असेल तर ती १६०० वेगाची डीडीआर३एल होय. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही कमी वेगानेच चालतात. त्यात नुकसान नाही, पण जास्तीचे पैसे कशाला? एका खाच्यात जास्तीत जास्त किती जीबी चालते, ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

२०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी कारखान्यांचा माल तिकडे वळला, हे त्याचे मोठे कारण. भाव चढला की वापरलेली पट्टी नवे लेबल लावून खपविण्याचा मोह होतो. मालातील ऐब ग्राहकाला सांगणे शरीअतने विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे, पण खरेदीदारानेही डोळे उघडे ठेवावेत. पक्के बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि बदलून देण्याची मुदत ठरवावी. वापरलेली पट्टी स्वस्तात घेण्यात गैर काही नाही, फक्त ती वापरलेली म्हणून घ्यावी.

आणखी एक हिशोब करावा. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा लॅपटॉपवर मोठी रक्कम घालू नये.

बसविण्यापूर्वी हिशोबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, चार्जर व बॅटरी काढावी. आपल्या कापड दुकानदारांना एक खास सूचना: पॉलिएस्टरच्या ठाणांवर ठेवून हे काम करू नये. त्या कापडातून बोटाला चटका देणारी स्थिर वीज रॅमचा चिप जाळू शकते. लाकडी टेबल घ्यावे, आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावावा. पट्टी तिरपी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या पकडी 'टक्' करून बसतात. यंत्र सुरू झाल्यावर विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवावे, आणि तेही दुकानदाराने दिलेली मुदत संपण्याआधी.