सरळ रेघेची नोकरी

पहाटे ५.४०
विंटर हेवन, फ्लोरिडा. सायप्रस गार्डन्समधल्या स्कीच्या खेळांनी एके काळी हे गाव गाजवलं. आता त्या जागी लेगोलँड आहे. आजूबाजूच्या तलावांवर वॉटर स्की मात्र चालूच आहे. अशाच एका तलावावरच्या स्की-शाळेत ती बोट चालवते. वय चोवीस, घर चिलीत. टॉर्च तोंडात धरून ती इंजिनाचं झाकण उचलते. तेलाची दांडी पुसते, बुडवते, पुन्हा बघते. गाळणीत अडकलेलं शेवाळ बोटांनी ओढून काढते. मग पंखा लावून थांबते. आत पेट्रोलची वाफ कोंडली असेल तर एक ठिणगी पुरते. नवी घ्यायची तर अशी बोट लाख डॉलरच्या पुढे जाते.

६.१५
पहिला गिऱ्हाईक दंतवैद्य, पन्नाशीतला. सेटचे, म्हणजे कोर्सवरच्या काही फेऱ्यांचे, साठ डॉलर.
"सेटिंग?"
"बी टू."
ती बटण दाबते. स्कीअरने हिसका दिला की इंजिनाने किती लवकर आणि किती जोरात उत्तर द्यायचं, ते यावर ठरतं. ताशी ५५ किलोमीटरचा वेग जीपीएस सांभाळतं. रेघ तिला सांभाळायची असते. कोर्स २५९ मीटरचा. मधल्या वाटेपासून साडेअकरा मीटरवर, डावी-उजवीकडे मिळून सहा बोया, स्कीअरने वळसा घालायच्या. बोटीची वाट खुणेच्या बोयांनी आखलेली, बोट जाईल एवढीच. मागचा माणूस प्रत्येक वळणानंतर बोटीला आपल्याकडे खेचतो. ती चाक बोटभर उलट फिरवते, लगेच परत आणते. १६.९५ सेकंदांत कोर्स संपतो. फिरायचं, पाणी शांत होईपर्यंत थांबायचं, पुन्हा निघायचं. नजर पुढे, मागचं सगळं आरशात.
फेरी जमली की दोरी आखूड होते: १८.२५ मीटर, १६, १४.२५. दोरीवरच्या प्रत्येक कडीचा रंग वेगळा. दंतवैद्य पिवळ्या कडीवर पडतो आणि हसतच वर येतो.

९.३०
सातवा सेट. बोट तासाला वीसेक लिटर पेट्रोल पिते. तिचा खांदा आखडलाय. ती चाक दुसऱ्या हाताने धरते. सरळ जाण्यात एवढे कष्ट असतात हे काठावरून कळत नाही. मला बोटीत बसल्यावर कळलं.

११.१०
चौथी बोया फाटली. पाण्यात उतरण्याआधी ती काठावरची लव्हाळी निरखते, कारण तलावात अ‍ॅलिगेटर आहेत. मग नवी बोया काखेत धरून पोहत जाते. खालची रबरी नळी ओढून गाठ मारायची, तीही अशी की बोया पाण्यावर नेमकी निम्मी राहील. तीनदा सोडते, चौथ्यांदा बसते.

१२.४५
भात आणि काळा घेवडा. जेवता जेवता ती स्वतःची स्की मांडीवर घेते. स्की जुनी, कुणाकडून तरी विकत घेतलेली. नवी, पाय अडकवायच्या बुटांसकट, दोन हजार डॉलरच्या घरात जाते. ती फिनचे स्क्रू सैल करते, कॅलिपर लावते. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक वळणावर जाणवतो. हातमोज्याच्या तळव्यावर चिकटपट्टी आहे.

२.३०
ढग गडगडले. उन्हाळ्यात इथे हे रोजचंच. बोट धक्क्याला बांधून सगळे शेडखाली. रद्द झालेले चार सेट संध्याकाळी घ्यायचे ठरतात. फळ्यावर ती नावं लिहिते. तिच्या कामाचा मोबदला म्हणजे शाळेमागची खोली, जेवण, थोडे पैसे आणि दिवसाला स्वतःचे दोन सेट. फळ्यावर आता एकाचीच जागा उरते. शेवटची.

संध्याकाळी ८.००
आता शाळेचा मालक चाकावर, ती मागे स्कीवर. मी मागे तोंड करून बसलेय. १३ मीटरची कडी, सहाही बोया. १२ मीटर, सहा. मग ११.२५. इथे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर अंग ताणून भरायचं. ती कमरेतून पाण्याकडे इतकी झुकते की कोपर जवळजवळ टेकतं. एक, दोन, तीन. चौथीला हँडल निसटतं.
"आणखी एक?" मालक विचारतो.
ती मनगट हलवून बघते. "चालेल."
या वेळी चार.

८.४०
पेट्रोलचे वीस-वीस लिटरचे सहा डबे ट्रकवरून धक्क्यावर. ती दोन्ही हातांत एकेक घेते, तीन खेपा. डबे ओतून झाल्यावर इंजिनाच्या तासांचा आकडा वहीत उतरवते. पन्नास तासांनी तेल बदलायचं असतं. ती वेळ उद्या दुपारी येईल. नवा फिल्टर आणि पाना ती आताच काढून सीटखाली ठेवते.