जोडलेला संगणक : कोणता भाग कोणाला चालतो?

मोरा बंदरावरून लाँच पकडायची, तासाभरात भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि तिथून टॅक्सीने ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. संगणकाचे सुटे भाग आणायचे तर उरणच्या माणसाला हा रस्ता जुना ओळखीचा. त्या रस्त्याचे कागदावरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला मात्र लॅमिंग्टन रोडच सांगावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकलही आली, त्यामुळे जाणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. तरीही घरी आणलेला एखादा भाग दुसऱ्याला बसला नाही की पुन्हा एक दिवस मोडतो, भाडे जाते, आणि ओहोटीत गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नसेल तर वाट पाहणे आलेच. म्हणून कोणता भाग कोणाला चालतो हे पिशवी भरण्याआधी ठाऊक हवे.

एमएस-सीआयटी किंवा टॅली शिकणारी मुलगी, डिप्लोमाला गेलेला मुलगा, घरातून हिशोबाची किंवा डिझाइनची कामे करणारी सून, यांना मोबाइल पुरत नाही. लॅपटॉप सोयीचा खरा, पण त्यातले बरेचसे आपल्याला बदलता येत नाही. घरात एका जागी ठेवून दोन-तीन भावंडांनी वापरायचा असेल तर डेस्कटॉप अजूनही जास्त टिकतो आणि बिघडला तर जो भाग बिघडला तेवढाच बदलता येतो. शिवाय आपल्या अनेक घरांना व्याजाचा हप्ता नको असतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’ नाव असले तरी बऱ्याचदा त्यात व्याज आकारून तेवढीच सूट दाखवलेली असते आणि प्रोसेसिंग फी वेगळी लागते. ते मान्य आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. अशा घरांत मग एक बेत हमखास निघतो. दर महिन्याला एकेक भाग घेऊ, सहा महिन्यांत संगणक तयार.

हा बेत ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण मी तो कोणालाही सुचवणार नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावू लागते, संगणक पहिल्यांदा चालू होतो त्या दिवसापासून नव्हे. दुकानदाराची बदलून देण्याची मुदत तर थोड्या दिवसांची असते. जानेवारीत घेतलेला मदरबोर्ड जूनमध्ये प्रथमच वीज पाहतो आणि तेव्हा तो मृत निघाला, तर दुकानदार हात वर करतो. नुसता बोर्ड किंवा नुसता प्रोसेसर घरी तपासता येत नाही. त्यापेक्षा मोजकेच पण पूर्ण भाग एकदम घ्यावेत, ज्यांच्यावर संगणक त्याच दिवशी सुरू होईल. वाढ नंतर करावी. ईदीचे पैसे जमले, मामूंनी कुवेतहून काही पाठवले, की रॅम वाढवली. पुढच्या वर्षी मोठी हार्ड डिस्क. अट एकच आहे, सुरुवातीला निवडलेल्या बोर्डात त्या वाढीला जागा हवी.

वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात याची सुरुवात १९८१ सालची. आयबीएमने त्या वर्षी आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तो बहुतेक दुसऱ्यांकडून मिळणाऱ्या तयार भागांचा होता, आणि लवकरच इतरांनीही त्याबरहुकूम यंत्रे बनवली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिले. बोर्डाची स्क्रूची भोके कुठे, वीजपुरवठ्याची जोडणी कशी, हे त्यात ठरले. आजही कोणत्याही साध्या कॅबिनेटमध्ये कोणताही साधा बोर्ड बसतो तो त्यामुळे. घरगुती वापराला मायक्रो एटीएक्स हे लहान माप पुरेसे असते. कॅबिनेटबद्दल याहून जास्त डोके खर्च करण्याचे कारण नाही. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून ते दुसरीकडे लावावेत.

जे ठरलेले नाही, आणि जिथे पैसे बुडतात, ते म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांचे नाते. प्रोसेसर ज्या चौकोनी खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटमध्ये बसतात. एएमडीच्या रायझनमध्ये जुने सॉकेट एएम४ आणि २०२२ पासूनचे एएम५. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. एवढे बहुतेकांना कळते. फसगत होते ती सॉकेट जुळूनही. याचे प्रसिद्ध उदाहरण इंटेलच्या एलजीए ११५१ चे आहे. सहावी-सातवी पिढी या सॉकेटची आणि २०१७ मध्ये आलेली आठवी पिढीही त्याच नावाची. प्रोसेसर खाचेत बसतो, पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट असलेला बोर्ड लागतो. जुन्या बोर्डावर तो सुरू होत नाही. जुन्या मालाच्या दुकानांत या दोन्ही प्रकारचे बोर्ड दिसतात. म्हणून ‘पिन तेवढ्याच आहेत, बसेल’ या उत्तरावर विसंबू नये. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. मोबाइलवर दोन मिनिटांत सापडते, दुकानात उभे राहूनही.

त्या यादीत प्रोसेसरच्या नावापुढे बायोसचा क्रमांक लिहिलेला असतो, तोही वाचावा. बायोस म्हणजे बोर्डाच्या आतला मूळ प्रोग्राम, जो सुरू होताना समोर कोणता प्रोसेसर आहे हे ओळखतो. तेराव्या पिढीच्या आधी बनून पडून राहिलेला बी६६० बोर्ड बाराव्या पिढीला लगेच ओळखतो. तेराव्यासाठी मात्र बायोस नवा करावा लागतो. काही बोर्डांवर हे काम नुसत्या पेन ड्राइव्हने होते, काहींना आधी एखादा जुना, ओळखीचा प्रोसेसर बसवावा लागतो. घरी जुना प्रोसेसर कोणाकडे असणार? बिल करण्याआधीच दुकानदाराला सांगावे की बायोस अपडेट करून, प्रोसेसर बसवून, स्क्रीनवर काहीतरी दाखवून द्या.

पुढे वाढ करायची असेल तर सॉकेट किती काळ चालले याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. एएम४ चे २०१७ मधले अनेक बोर्ड नवा बायोस टाकल्यावर २०२२ चा प्रोसेसरही चालवू लागले. इतकी सवलत बाजारात क्वचित मिळते. एएम५ चा आधार २०२७ पर्यंत आणि पुढेही देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे. उलट एलजीए १७०० चा रस्ता चौदाव्या पिढीशी संपला. इंटेलचे त्यानंतरचे कोअर अल्ट्रा २०० वेगळ्या सॉकेटचे आहेत. याचा अर्थ एलजीए १७०० वाईट असा नाही. आज बारावी पिढीचा आय-३ घेऊन तीन वर्षांनी जुना आय-५ त्याच बोर्डावर बसवता येईल. फक्त त्या पलीकडे बोर्ड बदलावा लागेल.

आता पडद्याचा प्रश्न. सगळे नवे, सगळे जोडलेले, पंखा फिरतो आणि पडदा काळाच. कारण अनेकदा प्रोसेसरच्या नावातले एक अक्षर असते. इंटेलच्या नावाला शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखवणारा भागच नाही. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. १२१०० मध्ये ते आहे, १२१००एफ मध्ये नाही. एएम४ च्या बाबतीत उलटे, बहुतेक रायझनमध्ये ग्राफिक्स नसते आणि नावाला ‘जी’ लागला तर असते. ५६०० आणि ५६००जी यांच्यातला फरक तोच. ‘एफ’वाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून घरी आणला जातो. अभ्यास, हिशोब, फोटो दुरुस्ती, व्हिडिओ कॉल यांना वेगळ्या कार्डाची गरज नसते, तेव्हा ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घ्यावा. घरात जुना मॉनिटर पडून असेल तर त्याच्या मागचे निळे, तीन रांगांचे व्हीजीए तोंड पाहून ठेवावे. बोर्डावर ते असेल तर उत्तम, नसेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो.

रॅमचे सूत्र सोपे आहे, तरी चुका होतातच. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी जात नाही. जोर लावला तर बोर्डाची खाच तुटते. एएम४ ला फक्त डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही तऱ्हेचे मिळतात, अगदी एच६१० या स्वस्त चिपसेटचेही, म्हणून खोक्यावर वाचूनच घ्यावा. दोन सारख्या पट्ट्या लावल्या तर बोर्ड त्या एकत्र वापरतो आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भयंकर चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा ओघ गेला. अशा दिवसांत आठ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवणे शहाणपणाचे. त्यासाठी बोर्डाला किमान दोन खाचा हव्यात. घरात जुन्या डेस्कटॉपची डीडीआर४ पट्टी असेल तर तिच्यामुळेच कोणता बोर्ड घ्यायचा हे ठरू शकते, एवढी ती आज मोलाची आहे. लॅपटॉपची पट्टी मात्र आखूड असते, ती चालत नाही.

साठवणुकीला एसएसडीच घ्यावी. बोर्डावर बसणारी एम.२ पट्टी एनव्हीएमई आणि साटा अशा दोन जातींची असते, दिसायला जवळपास सारखी. बोर्डाची खाच कोणती जात घेते ते पुस्तिकेत असते. जुनी हार्ड डिस्क सोबत लावून फोटो तिच्यावर ठेवता येतात.

एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा, हा लोक सर्वांत शेवटी आणि सर्वांत स्वस्त घेतात. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा घेऊ नये. वेगळे कार्ड नसलेल्या संगणकाला दीडशे वॅटसुद्धा क्वचित लागतात, त्यामुळे मोठ्या आकड्यांचा मोह नको. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा, ८० प्लसची खूण असलेला डबा पुष्कळ झाला. त्यात बोर्डासाठी २४ पिनांची आणि प्रोसेसरसाठी वेगळी ८ पिनांची वायर असते. ती दुसरी लावायची राहून जाते आणि मग सारे घर बोर्ड खराब म्हणून चिंतेत. मोऱ्यासारख्या खाडीकाठच्या घरांत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तीन पिनांच्या सॉकेटला खरे अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे, नाहीतर लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. आणि खाऱ्या, दमट हवेत महिनोन्महिने बंद ठेवलेला संगणक चालत्यापेक्षा लवकर गंजतो. खिडकीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावा आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू करावा.

लॅमिंग्टन रोडवरच नव्हे, सगळीकडेच ‘आय-५, एसएसडी, फुल सेट’ अशी फार स्वस्त जोडणी दिसते. पिढी कोणती हे विचारा. अनेकदा तो एलजीए ११५५ चा, २०११-१२ च्या काळातला प्रोसेसर असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते. लिनक्स टाकून तो जुना संच अजून चालेल, लहान मुलांच्या लिखाणाला पुरेल. पण त्यात रॅम जुनी डीडीआर३, त्यामुळे पुढच्या वाढीसाठी त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. ऑफिसांतून निघालेले मोठ्या कंपन्यांचे आठव्या पिढीचे डबे त्यापेक्षा बरे. मात्र त्यांतल्या काहींची विजेची जोडणी आणि बोर्डाचे माप कंपनीचे स्वतःचे असते, बाजारातला एसएमपीएस त्यांना लागत नाही. वाढवण्याचा विचार नसेल तरच ते घ्यावेत.

दर मी देत नाही, ते आठवड्यात बदलतात. पण निघण्याआधी कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : प्रोसेसरचे पूर्ण नाव अक्षरासकट, बोर्डाचे पूर्ण मॉडेल, रॅमची जात, एसएसडीची जात. पनवेलच्या दुकानदारालाही तोच कागद दाखवून भाव विचारावा. थोडे जास्त पडले तरी बदलून घ्यायला पनवेल जवळ आहे, आणि पहिल्यांदाच जोडणाऱ्याने हा फरक पैशांत धरावा. मुंबईला जायचे ठरले तर रविवार टाळावा, बहुतेक दुकाने बंद असतात. बिल जीएसटीचे घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, कारण वॉरंटी त्याच नंबरावर मिळते. खोकी वर्षभर तरी माळ्यावर ठेवावीत. आणि परतीच्या लाँचची वेळ पाहून दुकानातच तासभर जास्तीचा धरावा, म्हणजे सर्व भाग जोडून पडद्यावर बायोस दिसेपर्यंत थांबता येईल.