वीज न देणारी अणुभट्टी

अणुभट्टी म्हटले की आपल्याला एक तर वीज आठवते, नाहीतर बॉम्ब. पण मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'ध्रुव' नावाची एक अणुभट्टी आहे. ती १९८५ साली सुरू झाली. तिची क्षमता १०० मेगावॅट उष्णतेची. पण त्या उष्णतेपासून वीज केली जात नाही, ती चक्क सोडून दिली जाते. मग एवढा खटाटोप कशासाठी? तर न्यूट्रॉनसाठी.

न्यूट्रॉनचे एवढे काय कौतुक? क्ष-किरण अणूतल्या इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात. म्हणून त्यांना लोखंड, शिसे ठळक दिसते, पण एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन जवळपास दिसतच नाही. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून सरळ आत जातो आणि अणुकेंद्रावरून विखुरतो. त्यामुळे त्याला हायड्रोजन दिसतो आणि आपल्या मोबाइलच्या बॅटरीतला लिथियमही दिसतो. साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन यांतला फरकही तो ओळखतो. म्हणून प्रथिनाच्या एखाद्या भागात जड हायड्रोजन घालून नेमका तोच भाग वेगळा पाहता येतो. शिवाय न्यूट्रॉन स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. पदार्थातल्या अणूंचे चुंबक कोणत्या दिशेला वळले आहेत, हे तो सांगू शकतो. पोलादाच्या जाड तुकड्यातला ताणही तुकडा न कापता मोजता येतो.

अडचण एकच. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत नाहीसा होतो, त्यामुळे साठवून ठेवण्याची सोय नाही. तो लागेल तेव्हा अणुकेंद्रातूनच बाहेर काढावा लागतो. युरेनियमच्या एका विखंडनातून दोन-तीन न्यूट्रॉन निघतात. साखळी चालू ठेवायला त्यातला एक पुरतो. उरलेल्यांपैकी काही वाया जातात, काही नळ्यांवाटे प्रयोगाच्या यंत्रांपर्यंत आणता येतात. सुरुवातीला ते फार वेगवान असतात. 'ध्रुव'मध्ये जड पाणी त्यांचा वेग सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटरपर्यंत उतरवते. या वेगाला त्यांची तरंगलांबी दोन अणूंमधल्या अंतराएवढी होते, आणि अणूंची मांडणी वाचायला नेमकी हीच मोजपट्टी हवी असते.

न्यूट्रॉन मिळवायला अणुभट्टीच हवी का? दुसरा मार्ग आहे. प्रवेगकातले वेगवान प्रोटॉन जड धातूवर आदळवूनही न्यूट्रॉन मिळतात. इंग्लंडमधले आयसिस हे केंद्र असेच चालते. तिथले न्यूट्रॉन ठोक्याठोक्याने येतात आणि काही प्रयोगांना ते अधिक सोयीचे असतात. पण अखंड, एकसारखा झोत ही अणुभट्टीची ताकद आहे. त्याच भट्टीत थायरॉइडच्या कर्करोगावर वापरले जाणारे आयोडीन-१३१ देखील तयार करता येते.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. खर्च मोठा असतो, वापरलेले इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागते. ट्रॉम्बेची 'सायरस' ही देखील संशोधन अणुभट्टीच होती, पण १९७४ च्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम तिच्यातूनच आले. त्यामुळे लोकांनी प्रश्न विचारणे रास्तच आहे.

मात्र भट्टी बंद करण्याचीही किंमत असते. कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने अणूंची कंपने मोजली आणि १९९४ चे नोबेल मिळवले. आपले पी. के. अय्यंगार तिथेच त्यांच्याबरोबर काम करून आले आणि त्यांनी ट्रॉम्बेत ही विद्या रुजवली. चॉक रिव्हरची मोठी भट्टी २०१८ मध्ये बंद झाली, बर्लिनची २०१९ मध्ये. भट्टी थांबली की यंत्रे सुटी होतात आणि ती चालवणारी हुशार माणसे पांगतात. मग ती घडी पुन्हा बसवणे सोपे नसते.

आपल्याकडे ही सोय आजही आहे, आणि ती फक्त ट्रॉम्बेतल्या शास्त्रज्ञांसाठी नाही. इंदूरला खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाचे मुख्यालय आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना 'ध्रुव'वर प्रयोग करता यावेत म्हणून या संस्थेचे मुंबईत केंद्र आहे. क्ष-किरणांसाठी इंदूरमध्येच राजा रामण्णा केंद्राचे 'इंडस-२' आहे. घरात कोणी भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी, पीएचडी करत असेल, तर त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना एवढे जरूर विचारावे: आपला नमुना न्यूट्रॉनखाली पाहता येईल का?