जोडीचे कासरे

आमच्या घरी एक खिलार जोडी होती. डावा बैल गरीब होता. उजवा मात्र गाडीला जुंपला की मान वाकडी करी आणि गाडी उजवीकडे ओढी. चाक रस्ता सोडून कडेच्या चारीत जाई. नांगराला जुंपावा, तर तास वाकडे. "बैल खोडीचा आहे," असे सगळे म्हणू लागले. त्याला मार बसू लागला. शेवटी वडिलांनी तो बाजारात विकला. खोडीचा म्हणून पैसेही कमी आले.

नवा बैल आणला. महिन्याभरात तोही उजवीकडे ओढू लागला!

गावात दोर वळणारे एक म्हातारे होते. मातंग समाजात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. आम्ही पोरे त्यांना आबा म्हणत असू. वडिलांनी त्यांना बोलावले. आबांनी आधी बैलाचे नाक पाहिले. वेसणीच्या जागी कातडे सोलून निघाले होते. मग त्यांनी दोन्ही कासरे सोडले, एका खुंटीला अडकवले आणि ताणून धरले. उजवा कासरा चार बोटे आखूड होता.

आबा म्हणाले, "बापू, बैल कशापायी इकला? कासरा इकायचा हुता."

असे का झाले होते? डावा कासरा सुताचा होता. वापरून वापरून तो लांबला होता. उजवा तुटला म्हणून वडिलांनी बाजारातून नवा आणला, तो अंबाडीचा. गाडीवान दोन्ही कासऱ्यांची टोके एका मुठीत धरतो. एक आखूड असला की त्या बैलाचे नाक दिवसभर ओढलेले राहते. नाक ओढले की बैल त्या बाजूला मान वळवणारच. तो हुकूम पाळत होता, आणि त्यासाठीच मार खात होता.

बैलाच्या दोन नाकपुड्यांमध्ये मऊ पडदा असतो. वेसण त्यातून जाते. मोठा बैल एका माणसाच्या हातात राहतो तो ही जागा नाजूक म्हणून. तिथे जखम झाली की माश्या बसतात, पावसाळ्यात अळ्या पडतात. म्हणून कासरा कधी एकटा करू नये. जोडीनेच करावा. तो घरी करता येतो. आबांनी आम्हाला शिकवला तो असा.

सुताची दोरी घ्या. करंगळीच्या निम्म्याने जाड असावी. दोन्ही कासऱ्यांना दोरी एकाच लडीतली हवी. एक लड आजची आणि दुसरी पुढच्या बाजारची, असे करू नका. दोरी आधी भिजवा, झाडाला बांधा, खाली दगड लोंबकळत ठेवा आणि तशीच वाळू द्या. म्हणजे तिला जे लांबायचे ते आधीच लांबून घेते.

आता मोजणी. गोफ विणताना दोरी आखडते. कासरा ८ हात हवा असेल तर प्रत्येक दोरी १२ हात घ्या, म्हणजे दीडपट. एका कासऱ्याला चार पेड लागतात, दोघांना आठ. आठही दोऱ्या एकत्र धरा आणि एकदम कापा. नांगराच्या मागे माणूस चालतो, म्हणून तिथला कासरा गाडीपेक्षा लांब लागतो. आपला जुना कासरा मोजून पाहावा, हे उत्तम.

चार पेडांची टोके एकत्र बांधून खुंटीला अडकवा. दोन पेड लाल आणि दोन पांढरे घेतले तर शिकायला सोपे जाते. लाल उजवीकडे, पांढरे डावीकडे. आता अगदी उजवीकडचा लाल पेड उचला. तो शेजारच्या दोन पेडांच्या मागून न्या, वर काढा आणि परत येताना एका पेडावरून आपल्या बाजूला आणा. मग अगदी डावीकडचा पांढरा उचला. तोही दोन पेडांच्या मागून न्या आणि एकावरून परत आणा. पुन्हा लाल, पुन्हा पांढरा. बस, एवढेच! प्रत्येक वेळी पाहा, उजवीकडे दोन लाल आणि डावीकडे दोन पांढरे आहेत ना? नसतील तर चूक झाली. लगेच उलगडा. पुढे विणत गेलात तर ती चूक तशीच राहील.

या गोफाला पीळ नसतो. का बरे? लाल पेड एका अंगाने फिरत जातात, पांढरे दुसऱ्या अंगाने. दोघांचा पीळ एकमेकांना मारतो. वळलेला दोर ओढला की फिरतो, सैल पडला की त्याला कड्या पडतात आणि त्या शिंगात अडकतात. गोफ तसे करीत नाही.

आसूडही असाच विणतात, फक्त तो टोकाकडे बारीक करत नेतात. आसूड हवेत झटकला की फट्‌ असा आवाज होतो. तो कशावर आपटल्याचा आवाज नसतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, आणि आसुडाचे टोक क्षणभर त्याहूनही जोरात धावते, म्हणून तो आवाज. तेवढ्याने बैल पाऊल उचलतो. अंगावर मारण्याचे कारण नाही.

विणताना एक गोष्ट सांभाळा. एक कासरा पुरा करून मग दुसरा घेऊ नका. सकाळी हात ताजा असतो, गोफ घट्ट बसतो. संध्याकाळी हात थकतो, गोफ सैल होतो. म्हणून हातभर हा विणा, मग हातभर तो विणा. दोन्ही कासरे एकाच माणसाने विणावेत. नवराबायकोने एकेक विणला तर वेळ वाचेल, पण जोड जमणार नाही. आमच्या घरी ते करून पाहिले आहे! मधूनमधून एका वितीत किती वेढे बसले ते मोजा. या कासऱ्यात जितके, तितकेच त्या कासऱ्यात हवेत. शेवटची टोके दोऱ्याने करकचून बांधा.

मग जोड तपासा. दोन्ही कासरे शेजारी टांगा आणि लांबी पाहा. तराजूच्या दोन पारड्यांत घाला. पारडी सारखी राहिली पाहिजेत. शेवटी दोघांना सारख्याच वजनाचे दगड बांधा. एक जास्त लांबला तर तो सैल विणला आहे. तो उलगडून पुन्हा विणावा. कंटाळा येतो, खरे आहे.

आता बाजारात नायलॉनची दोरी मिळते. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या केल्या आणि छत्रीच्या दोऱ्याही. ती दोरी बारीक असून भारी मजबूत असते, पाण्यात कुजत नाही. मोटेला, बादलीला ती चांगली. पण ती ताण बसला की लांबते, गुळगुळीत असल्याने गाठ सुटते आणि घासली की कातडे कापते. नाकाजवळ तिला जागा देऊ नये, असे माझे मत आहे.

जोडीतला एक कासरा तुटला तर दोन्ही बदला. उरलेला वासराला बांधायला होतो.

आबांनी विणलेले कासरे बांधले आणि आमचा नवा बैल चार दिवसांत सरळ चालू लागला. पुढे एका बाजारात वडिलांना तो विकलेला बैल दिसला. दुसऱ्याच्या गाडीला तो उजव्या अंगालाच जुंपलेला होता आणि नाकासमोर चालला होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत वडील तिथेच उभे होते.