उसळत्या झऱ्यांचे गाव

न्हाणीघरात पाणी तापविणाऱ्या यंत्राला आपण सर्रास ‘गीझर’ म्हणतो. परंतु हा शब्द मूळचा आइसलँडचा. तेथील एका उसळत्या झऱ्याचे नाव ‘गेयसिर’, आणि तेच पुढे अशा सर्व झऱ्यांना चिकटले. आपली वज्रेश्वरीची कुंडे उष्ण खरी, पण त्यांतील पाणी शांतपणे वाहते. गेयसिर मात्र दीर्घकाळ निमूट राहून एकाएकी कढत पाण्याचा स्तंभ आकाशात फेकतो.

याचे कारण शोधण्यासाठी बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने (शाळेतील प्रयोगशाळेत ज्याचा बर्नर असतो, तोच हा) १८४६ साली त्या झऱ्याच्या विवरात तापमापक सोडला. अरुंद विवरात वरच्या पाण्याचा भार तळच्या पाण्यावर पडतो. त्यामुळे दहा मीटर खोलीवर पाणी उकळण्यास सुमारे १२० अंश उष्णता लागते. प्रेशर कुकरचाच हा न्याय. तळाच्या वाफेने थोडे पाणी वर लोटले, की भार हलका होतो आणि दबून राहिलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते. विवर रिते झाले की पुन्हा भरणे, पुन्हा तापणे.

हा मेळ फार नाजूक असतो. न्यूझीलंडमधील वायराकेई येथे १९५८ साली भूगर्भातील उष्णतेवर वीजकेंद्र सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत शेजारच्या खोऱ्यातील फवारे विझले. वीज मिळाली, झरे गेले. हा सौदा उघड तरी होता. रोटोरुआ शहराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, कारण तेथे दोषी कोणी एक नव्हता. घरोघरी, हॉटेलांतून लोकांनी कूपनलिका खणल्या. हिवाळ्यात खोल्या उबदार राहिल्या, स्नानाला ऊन पाणी मिळू लागले. कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्या गृहस्थाला त्याबद्दल बोल कसा लावावा? पण शहरालगतच्या व्हाकारेवारेवा येथील झरे मंदावत चालले. तेथील माओरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्या वाफेवर अन्न शिजवीत आली आहेत. त्यांच्या दृष्टीने हा वडिलोपार्जित ठेवा. १९७९ साली पापाकुरा नावाचा फवारा बंद पडला.

अखेर १९८६ साली सरकारने पोहुतू या मुख्य फवाऱ्याच्या दीड किलोमीटर परिसरातील कूपनलिका बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या घरातील ऊब गेली, त्यांचा संताप झाला, आणि तो अगदीच अनाठायी म्हणवत नाही. परंतु जमिनीखालील पाण्याची पातळी हळूहळू चढली. पोहुतू आज दिवसातून अनेकदा उसळतो. पापाकुराने मात्र बरीच वाट पाहावयास लावली. ३६ वर्षांच्या मौनानंतर, २०१५ साली, तो पुन्हा उसळला.